उघड्या टपाची जुनी गाडी मुंबईत ठेवायची, तर किंमत सोडून आणखी काय काय मोजावं लागतं?

हॉर्निमन सर्कलला व्हिंटेज गाड्यांची रॅली जमते, तेव्हा सगळ्यात जास्त मोबाइल टप मागे दुमडलेल्या गाड्यांकडे वळतात. पांढरी चाकं, लाल रेग्झिनच्या सीट्स, मागे फोर्टच्या दगडी इमारती. रील तयार. खाली कॉमेंट्समध्ये प्रश्न ठरलेला असतो: कितीला मिळेल?

खरं तर किंमत हा यातला सोपा प्रश्न आहे. गाडी घेतल्यावर ती कागदावर जिवंत ठेवणं, मुंबईच्या पावसातून वाचवणं आणि आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलवर चालवणं, यात मालकाचा कस लागतो. गेल्या काही वर्षांत यातले बरेच नियम बदलले आहेत आणि ते सगळ्याच जुन्या गाड्यांना सारखे लागू होत नाहीत.

५० वर्षांची रेषा

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत बदल करून 'व्हिंटेज' शब्दाची पहिल्यांदा कायदेशीर व्याख्या केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून अधिक काळ झालेली, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली आणि धंद्यासाठी न वापरली जाणारी दुचाकी किंवा चारचाकी म्हणजे व्हिंटेज. नव्यानं नोंदणी करायची तर शुल्क २० हजार रुपये. ती १० वर्षं चालते. पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरणाचे ५ हजार.

नव्या नोंदणीला नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही मालिका मिळते. गाडीची नोंदणी आधीपासून असेल, तर जुना नंबर ठेवता येतो. ही सवलत कागदावर छोटी दिसते, पण आजोबांच्या गाडीचा 'बीएम'पासून सुरू होणारा नंबर ज्या घरात पाठ असतो, त्या घरासाठी ती फार मोठी आहे.

याच्या बदल्यात एक अट मान्य करावी लागते. ही गाडी रोज चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते. व्यावसायिक वापर बंद, म्हणजे प्री-वेडिंग शूटला भाड्यानं देऊन खर्च काढू, हा हिशेबही बाद.

मधल्या गाड्यांचं काय?

खरी अडचण ५० च्या अलीकडे आहे. १९७५ साली नोंदलेली प्रीमियर पद्मिनी २०२५ मध्ये या रेषेला पोचली. १९८५ च्या पद्मिनीला २०३५ पर्यंत थांबावं लागेल. तोपर्यंत कायद्याच्या नजरेत ती फक्त एक जुनी गाडी.

जुन्या गाडीचा खर्च मात्र वाढत गेला आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि मग दर ५ वर्षांनी ती नव्यानं करावी लागते. एप्रिल २०२२ पर्यंत त्याचे ६०० रुपये लागायचे, ते ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांपुढच्या गाड्यांसाठी वेगळा दर आला: साध्या कारला १० हजार, आयात केलेल्या चारचाकीला ८० हजार. जीएसटी आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

आता उघड्या टपाच्या गाड्यांकडे बघा. भारतात कारखान्यातूनच कन्व्हर्टिबल म्हणून बाहेर पडलेल्या गाड्या दुर्मीळ, त्यामुळे हौशी लोकांकडे दिसणाऱ्या बऱ्याचशा परदेशी असतात. १९८० ची आयात कन्व्हर्टिबल असेल, तर दर पाच वर्षांनी ८० हजार. तीच गाडी दहा वर्षं आधीची असती, तर २० हजारांत व्हिंटेज. प्रदूषण कमी करण्यासाठी शुल्क वाढवलं, हे समजू शकतं. पण वर्षाला मोजून दोन-तीनशे किलोमीटर चालणारी, जपलेली गाडी आणि रोज धूर ओकत फिरणारी खटारा एकाच रांगेत उभ्या करणं पटत नाही. ४० वर्षांची, मूळ रूपातली आणि मर्यादित वापराची गाडी, अशी मधली पायरी नियमांत ठेवता आली असती.

पद्मिनीचं छप्पर कापलं तर?

मग देशी गाडीचाच टप कापून ती उघडी करायची कल्पना पुढे येते. तसे फोटो फिरतही असतात. यात दोन अडचणी आहेत.

पहिली कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीनं नोंदवलेल्या मूळ तपशिलात बसणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच स्पष्ट केलं. शिवाय छप्पर कापलेली गाडी 'मूळ रूपात' उरत नाही, म्हणजे पुढे ५० वर्षं भरली तरी व्हिंटेजचा दरवाजा बंद.

दुसरी अडचण लोखंडाची आहे आणि ती जास्त गंभीर आहे. पद्मिनी ही मुळात फियाट ११००. तिला वेगळी चासी नाही. तळ, खांब आणि छप्पर मिळून एकच पेटी होते आणि तीच सगळा भार उचलते. छप्पर काढलं की पेटी मधोमध वाकायला लागते. याउलट ब्रिटिश ट्रायम्फ हेराल्डला (आपल्याकडे मद्रासमध्ये 'स्टँडर्ड हेराल्ड' म्हणून बनायची) स्वतंत्र चासी होती आणि छप्पर बोल्टनं बसवलेलं होतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये तिची कन्व्हर्टिबल सहज निघाली.

पाऊस वरून येतो, गंज खालून

कन्व्हर्टिबल घेणारे लोक कॅनव्हासचा टप नीट आहे का, हे बघतात. जाणता मेकॅनिक आधी खाली वाकतो.

कारण छप्पर नसलेल्या गाडीची सगळी ताकद तळाच्या पत्र्यात आणि दारांखालच्या पट्ट्यांत असते. मुंबईत टपाच्या शिवणीतून झिरपलेलं पाणी मॅटखाली जाऊन साचतं, त्यात खारी हवा. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्रा पापडासारखा, अशा गाड्या कमी नाहीत. ओळखायची एक सोपी खूण आहे. दार आणि बॉडी यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, किंवा गाडी जॅकवर चढवल्यावर दार नीट लागेनासं झालं, तर गाडी मधे बसली आहे असं समजायचं. अशा ठिकाणी लांबी भरून रंग मारणं म्हणजे निव्वळ फसवणूक. पत्रा कापून नवा जोडावा लागतो आणि तो जोडताना बॉडीला आतून आधार द्यावा लागतो, नाहीतर वाकडी गाडी वाकडीच पक्की होते.

पावसाळ्यात ओला टप दुमडून ठेवायचा नाही, कॅनव्हासला बुरशी लागते. गाडीवर प्लास्टिक टाकायचं नाही, आत घाम धरतो. हवा जाईल असं सुती कव्हर घालायचं आणि पाणी निघून जायची भोकं मे महिन्यातच साफ करून घ्यायची.

पंपावरचं पेट्रोल

या गाड्यांनी एक बदल आधीच पचवला आहे. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, तेव्हा काही जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीट झिजू लागल्या, कारण शिसं तिथे गादीचं काम करत होतं. कडक धातूच्या सीट बसवून तो प्रश्न सुटला.

आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबराचे भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात आणि ते काम स्वस्त आहे, असं पेट्रोलियम मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मिळावा ही याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली.

पण किलोमीटरचं हे माप अशा गाड्यांना लागू पडत नाही. त्या चालून नाही, उभ्या राहून खराब होतात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. महिना-दोन महिने गाडी उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी बसतं, लोखंडी टाकी आतून गंजते आणि तो गाळ कार्ब्युरेटरमध्ये अडकतो. जुने रबरी पाइप आणि पेट्रोल पंपातला पडदा इथेनॉलनं फुगतो किंवा तडकतो. तडकलेल्या पाइपातून पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकलं, तर गाडी पेटू शकते. म्हणून सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घालणं, टाकीत गरजेपुरतंच पेट्रोल ठेवणं आणि पंधरा दिवसांतून एकदा गाडी चांगली गरम होईपर्यंत चालवणं, एवढं तरी करावंच लागतं.

सुटे भाग आणि जागा

पद्मिनीचे भाग अजून मिळतात, कारण तिच्या टॅक्सी हजारोंनी धावत होत्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपताच ३० ऑक्टोबर २०२३ ला ती बंद झाली. तेव्हापासून मागणीही आटली. चोर बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगार बाजारात एखादा भाग दिसला, की गरज नसली तरी घेऊन ठेवणारे लोक आहेत. परदेशी कन्व्हर्टिबलच्या टपाचा सांगाडा मात्र असा नशिबानं मिळत नाही. तो बाहेरून मागवा, नाहीतर इथल्या कारागिराकडून घडवून घ्या.

आणि हे सगळं जमलं, तरी गाडी लावायची कुठे? गिरगावातल्या वाडीत गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात. लालबाग-परळच्या चाळी पुनर्विकासाला गेल्या की अंगणातली गाडी आधी हलवावी लागते, कारण भाडं माणसांच्या घराचं मिळतं, गाडीचं नाही. कन्व्हर्टिबल उघड्यावर ठेवणं म्हणजे दोन पावसाळ्यांत तळ गमावणं.

दिल्लीसारखी वयावरून बंदी मुंबईतल्या खासगी गाड्यांना नाही. मात्र जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर, पेट्रोल-डिझेलच्या गाड्या शहरातून टप्प्याटप्प्यानं बंद करणं शक्य आहे का, हे तपासायला राज्य सरकारनं सात जणांची समिती नेमली. म्हणून आज १९८०च्या दशकातली गाडी घेऊन तिच्यावर काही लाख ओतायच्या आधी टपाच्या रंगाचा विचार नंतर करा. आधी आरसी मागा, त्यावरची पहिल्या नोंदणीची तारीख वाचा आणि ५० व्हायला किती वर्षं आहेत ते मोजा.