देवळाचे दार आणि कम्युनिस्टांची भूमिका

कम्युनिस्ट म्हणजे देवाधर्माचा वैरी, हा प्रचार या देशात कम्युनिस्ट चळवळीइतकाच जुना आहे. निवडणूक जवळ आली, संप लांबला किंवा एखाद्या गावात कसणाऱ्याने जमिनीवर हक्क सांगितला, की तो पुन्हा बाहेर काढला जातो. त्याला तोंड देताना कार्यकर्त्यांमध्ये दोन प्रवृत्ती आढळतात. पहिली गप्प बसण्याची : विषय नाजूक आहे, मते जातील, तेव्हा पगार आणि महागाई यांवर बोलावे आणि बाकीचे सोडून द्यावे. दुसरी टवाळीची : श्रद्धाळू माणूस तेवढा अडाणी असे धरून त्याच्या वारीची, नवसाची, उपासतापासाची चेष्टा करावी आणि तिलाच वैज्ञानिक दृष्टिकोन मानावे. पहिल्या प्रवृत्तीमुळे सारे मैदान धर्मांध शक्तींना मोकळे मिळते; दुसरीमुळे ज्या श्रमिकांसाठी लढायचे तेच दुरावतात. या दोहोंहून वेगळी भूमिका या देशातील लोकलढ्यांतच घडलेली आहे. तिचा विसर पडणे आज परवडणारे नाही.

गुरुवायूरचा धडा

१ नोव्हेंबर १९३१ रोजी मलबारमधील गुरुवायूरच्या कृष्णमंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींसह सर्व हिंदूंना मंदिर खुले करावे, ही मागणी होती. के. केळप्पन हे या लढ्याचे नेते होते. स्वयंसेवक दलाचे प्रमुख होते ए. के. गोपालन. मंदिरातील घंटा वाजवण्याचा अधिकार ब्राह्मणांपुरता राखलेला होता. तो झुगारून ज्यांनी ती वाजवली आणि त्यापायी रखवालदारांचा मार खाल्ला, ते होते पी. कृष्ण पिळ्ळै. दोघेही त्या वेळी काँग्रेसचे कार्यकर्ते होते. पुढे दोघेही केरळातील कम्युनिस्ट चळवळीचे अग्रणी झाले.

१९३२ साली पोन्नानी तालुक्यातील सवर्ण हिंदूंचा कौल घेण्यात आला, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के लोक मंदिरप्रवेशाच्या बाजूचे निघाले. तरीही दार उघडले नाही; ते उघडण्यास १९४७ साल उजाडावे लागले. या घटनेचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. समतेच्या आड आली ती सामान्य भाविकांची श्रद्धा नव्हे. भाविकांना विचारले तेव्हा त्यांच्यातील बहुसंख्येने न्यायाच्या बाजूने उत्तर दिले. आड आला तो मंदिराचा कारभार हाती असलेल्यांचा अधिकार. आणि मंदिराचे विश्वस्त असलेले कालिकतचे सामूतिरी हे मलबारमधील बडे जमीनदारही होते. देवळाच्या दाराची आणि शेताच्या बांधाची किल्ली एकाच हातात होती.

म्हणूनच पुढचा लढा देवळाच्या पायरीवर थांबला नाही. तीच माणसे मलबारच्या कुळांच्या संघटनेत उतरली. एप्रिल १९५७ मध्ये सत्तेवर आलेल्या केरळच्या पहिल्या कम्युनिस्ट सरकारने कारभार हाती घेताच कुळांची हकालपट्टी वटहुकमाने थांबवली आणि अनेक अडथळे पार करून १ जानेवारी १९७० पासून त्या राज्यातील जमीनदारी कूळपद्धती संपुष्टात आली. देवस्थानांच्या जमिनी कसणारी कुळेही त्यात आली. देऊळ राहिले, पूजा राहिली, उत्सवही राहिले. गेली ती देवाच्या नावाने चालणारी जमीनदारी.

श्रद्धा कोणाची, सत्ता कोणाची

मार्क्सने धर्माला दिलेली अफूची उपमा विरोधकांना तोंडपाठ असते आणि पुष्कळदा अनुयायांनाही तेवढीच ठाऊक असते. परंतु १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात मार्क्सचा रोख देवभक्तावर नाही. ज्या परिस्थितीत माणसाला वेदनेवर उतारा म्हणून परलोकाचा आधार शोधावा लागतो, त्या परिस्थितीवर आहे. दुःख तसेच ठेवून दिलासा तेवढा हिरावून घेणे, याला क्रांतिकारक कार्य म्हणता येत नाही.

लेनिनने १९०५ साली ही भूमिका अधिक नेमकी केली. राज्यसंस्थेच्या दृष्टीने धर्म ही ज्याची त्याची खाजगी बाब असली पाहिजे. राज्याने कोणत्याही पंथाला पोसू नये आणि कोणालाही त्याच्या श्रद्धेवरून वा अश्रद्धेवरून कमी लेखू नये. पक्षाने मात्र अज्ञानाविरुद्ध वैचारिक लढा थांबवता कामा नये. परंतु म्हणून कार्यक्रमात नास्तिकतेची अट घालावी किंवा श्रद्धाळू कामगाराला पक्षाबाहेर ठेवावे, असे त्याने म्हटले नाही. १९०९ च्या लेखात त्याने संपाचे उदाहरण घेतले. कारखान्यात संप चालू असताना श्रद्धाळू आणि अश्रद्ध कामगारांत देवावरून फूट पाडणारा प्रचार केला, तर त्याचा लाभ मालकाला आणि धर्मगुरूला होईल. संपात खांद्याला खांदा लावून उभे राहिल्यावर कामगार जे शिकतो, ते शंभर व्याख्यानांनी शिकत नाही. गिरणगावच्या इतिहासाशी परिचित असलेल्या कोणाही कार्यकर्त्याला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. गणपतीपुढे आरती म्हणणारे हातच गेटसभेत लाल बावटा धरीत होते.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रातही देवळाचे दार हा समतेच्या लढ्याचा आखाडा ठरला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तेथे प्रश्न मूर्तीच्या दर्शनाचा नव्हता, माणूस म्हणून समान हक्काचा होता. दार उघडले नाहीच, तेव्हा १९३५ साली येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. ते स्वतः परम श्रद्धावान होते. समतेचा आग्रह आणि भक्ती एकाच हृदयात राहू शकतात, हे वारकरी परंपरा असलेल्या प्रांताला कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या प्रदीर्घ चळवळीतून आलेला नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा याच दृष्टीने पाहावा. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाल्यानंतर तो आधी वटहुकूम म्हणून आणि त्याच वर्षी डिसेंबरात अधिनियम म्हणून आला. हा कायदा वारकऱ्यांच्या मुळावर येईल, असा कंठशोष वर्षानुवर्षे करण्यात आला होता. प्रत्यक्षात त्याच्या अनुसूचीत गुन्हा ठरवलेली कृत्ये १२ आहेत : नरबळी देणे, भूत उतरवण्याच्या नावाने मारहाण करणे, चमत्काराच्या बळावर फसवणे, एखाद्याला चेटूक करणारा ठरवून त्याचे जगणे अशक्य करणे, अशा प्रकारची. पूजा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो हातही लावत नाही. श्रद्धेचे स्वातंत्र्य आणि श्रद्धेच्या नावावरील शोषण यांतील रेघ या कायद्याने स्पष्ट आखली.

तरीही ही रेघ आखणाऱ्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर हल्ला झाला आणि २० तारखेला त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ऑगस्टात धारवाडला प्रा. कलबुर्गी आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरात गौरी लंकेश यांची हत्या झाली. कॉ. पानसऱ्यांची शिवाजी महाराजांवरील पुस्तिका कोणाच्या श्रद्धेचा उपहास करीत नव्हती. महाराज धर्मश्रद्ध होते पण परधर्मद्वेष्टे नव्हते आणि रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये याची त्यांना काळजी होती, हे ती साध्या भाषेत सांगत होती. श्रद्धाळू जनतेशी तिच्याच आदराच्या विषयावर बोलणारा कम्युनिस्ट प्रतिगाम्यांना सर्वांत धोकादायक वाटतो.

कठीण वळण

ही वाट सोपी नाही. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शबरीमला मंदिर सर्व वयाच्या स्त्रियांना खुले केले. केरळच्या डाव्या सरकारने निकालाची अंमलबजावणी करण्याची भूमिका घेतली. १ जानेवारी २०१९ रोजी लक्षावधी स्त्रियांनी कासरगोडपासून तिरुवनंतपुरमपर्यंत मानवी भिंत उभारली. त्याच वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत डाव्या आघाडीला राज्यातील २० पैकी एकच जागा मिळाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये या वादातील घटनात्मक प्रश्न अधिक मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आले.

यातून हक्काची बाजू सोडावी असा निष्कर्ष काढणे ही शरणागती ठरेल. मते गेली म्हणून १९३१ ची घंटा चुकीची ठरत नाही. निष्कर्ष निघतो तो एवढाच की, न्यायालयाचा आदेश आणि सरकारचा पोलीस बंदोबस्त हे जनजागृतीची जागा घेऊ शकत नाहीत. गुरुवायूरला आधी गावोगाव प्रचार झाला, घरोघर जाऊन मत विचारले गेले. भाविक स्त्रियांशी त्यांच्या ओसरीवर बसून झालेला संवाद भिंतीहून कमी मोलाचा नसतो.

समाज अधिक चांगला चालावा, तर राज्याचा खजिना आणि शाळा सर्व धर्मांपासून सारख्याच अंतरावर राहिल्या पाहिजेत. १९७६ साली घटनेत समाविष्ट झालेले वैज्ञानिक दृष्टिकोनाचे कर्तव्य पाठ्यपुस्तकातून वर्गात उतरले पाहिजे. आणि सर्वांत आधी माणसाची असहायता हटली पाहिजे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ते लक्ष्य गाठले गेले नाही. ज्या गावात डॉक्टर नाही तेथे मांत्रिकाचा धंदा चालणारच. ज्या म्हाताऱ्याला निवृत्तिवेतन नाही, तो बुवाच्या चरणी आपली शेवटची पुंजी ठेवणारच. त्याला हसणे सोपे आहे. गावात दवाखाना आणि हातात निवृत्तिवेतन मिळवून देणारा लढा उभारणे कठीण आहे. कम्युनिस्टांचे काम हे दुसरे आहे. त्या लढ्यात शेजारी उभ्या राहिलेल्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे की हातात जपमाळ, याची चौकशी करण्याचे कारण नाही.