ट्रकवर नजर, ड्रायव्हरच्या पगाराला कात्री

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आपल्या कळंबोलीतून सुरू होतो. स्टील मार्केटमधून माल भरून ट्रक घाटाकडे निघाला की पुढे जागोजागी त्याच्यावर कॅमेऱ्याची नजर असते. जुलै 2024 पासून या मार्गावर ‘इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम’ सुरू आहे. वेग, लेन, सीटबेल्ट, हातातला मोबाईल हे सगळे कॅमेरा पाहतो आणि ई-चलानचा मेसेज मालकाच्या फोनवर पडतो. जुलै 2025 मध्ये राज्यातल्या वाहतूकदारांनी ई-चलानविरोधात संप केला. बातम्यांत तेव्हा मालकांची बाजू आली. स्टिअरिंगवर बसणारा माणूस त्यात फारसा दिसला नाही.

आम्ही कॅमेऱ्यांच्या विरोधात नाही. या रस्त्यावर माणसे मरतात आणि ब्रेक निकामी झालेल्या ट्रकमध्ये सगळ्यात आधी ड्रायव्हर-क्लीनरच चिरडले जातात. पण ज्या यंत्राच्या साक्षीवर गरिबाला दंड होतो, ते यंत्र नेमके काय करते हे आपल्याला माहीत हवे.

व्हिडिओ म्हणजे सेकंदाला पंचवीस-तीस स्थिर चित्रे. प्रत्येक चित्रात वाहन शोधून त्याभोवती चौकट काढली जाते. या चित्रातली चौकट मागच्या चित्रातल्या कोणत्या चौकटीची, अशी जोडी लावत जायची म्हणजे ‘ट्रॅकिंग’. त्यासाठी वाहन पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. त्याचे गणित रुडॉल्फ काल्मन यांनी 1960 मध्ये मांडले आणि ते आजही वापरात आहे. जोडी जुळत राहिली की वाहनाला दिलेला क्रमांक कायम राहतो. पण छोटा टेम्पो कंटेनरच्या आड गेला आणि पलीकडून निघाला, तर त्याला नवा क्रमांक मिळू शकतो किंवा शेजारच्या गाडीचा क्रमांक चिकटू शकतो. याला ‘आयडी स्विच’ म्हणतात. रात्रीचे हेडलाइट, धुके, धो धो पाऊस यांत अशा चुका वाढतात, आणि पनवेलचा जुलै कसा असतो ते आपल्याला सांगायला नको. सरासरी वेगाची रीत वेगळी आहे. दोन ठिकाणी नंबरप्लेट वाचायची आणि मधल्या अंतराला लागलेल्या वेळेने भागायचे.

म्हणजे यंत्र जे सांगते तो अंदाज असतो, बहुतेक वेळा बरोबर आणि कधी कधी चूक. मग तपासणी कोणी करायची? केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 मध्ये आलेला नियम 167-अ याबद्दल स्पष्ट आहे. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, कॅमेऱ्याआधी इशारा देणारा फलक हवा, गुन्हा आणि नंबरप्लेट दिसेल असा फोटो हवा, वेळ आणि ठिकाण हवे, आणि प्रकरण मिटेपर्यंत रेकॉर्ड जपून ठेवायला हवे.

पण हा फोटो ड्रायव्हरपर्यंत पोहोचतच नाही. कळंबोलीत आम्ही ड्रायव्हरांशी बोलतो तेव्हा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते: चलान शेटच्या फोनवर येते आणि महिनाअखेरीस रक्कम पगारातून वजा होते. कोणत्या दिवसाचे, कोणत्या लेनचे, काही नाही. वेळेत माल पोहोचवायचा दबाव शेटचा, दंड मात्र ड्रायव्हरचा. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला होता. ट्रकच्या केबिनमध्ये तो अजून पोहोचायचा आहे.

दुसरी काळजी पुढची आहे. ट्रकभोवती चौकट काढणारी रीत माणसाभोवतीही काढते. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर, 1 जानेवारीला भीमा कोरेगावला कॅमेरे आपल्यावरही असतात. चेंगराचेंगरी टाळायला गर्दी मोजणे वेगळे आणि कोण कोणासोबत चालत गेला याची नोंद ठेवणे वेगळे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरून माणसांच्या फिरण्यावर पहारा बसवला. 1952 मध्ये तो रद्द झाला, तरी विमुक्त वस्त्यांतून विचारा, संशय गेला का! सर्वोच्च न्यायालयाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. पण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात सार्वजनिक सुव्यवस्थेच्या कारणाने सरकारी यंत्रणांना सूट देण्याची सोय आहे.

चित्रातली वस्तू झटपट शोधणारी ‘योलो’ ही पद्धत घडवणारे जोसेफ रेडमन यांनी 2020 मध्ये हे संशोधन सोडल्याचे जाहीर केले. लष्करी वापर आणि खासगीपणाचा प्रश्न त्यांना दुर्लक्षिता येईना. आपल्यातली कितीतरी मुले आज संगणक शिकत आहेत. सम्यक आजीविकेचा प्रश्न त्यांच्याही टेबलावर येणार आहे.

आपल्या हातात आहे ते आधी करू. रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक लॅपटॉप ठेवून ड्रायव्हर बांधवांची चलाने उघडून पाहता येतील. गाडीचा नंबर जुळतो का, फोटोत गुन्हा दिसतो का, त्या दिवशी गाडीवर कोण होते. चूक दिसली तर वाहतूक पोलिसांकडे ऑनलाइन तक्रार करता येते. सोबत माहिती अधिकारात तीन प्रश्न टाकू: यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र कधीचे आहे, चलान निघण्याआधी फोटो कोण तपासतो आणि तक्रारीनंतर किती चलाने रद्द झाली.