सदनिका विकत मिळते, शेजार नाही

शाळांच्या परीक्षा आटोपल्या की दरवर्षी लातूर, नांदेड, जळगाव, अमरावती येथून संसाराचे सामान लादलेले टेम्पो पुण्याच्या दिशेने धावू लागतात. कोणाला हिंजवडीत नोकरी लागलेली असते, कोणाची चाकणच्या कारखान्यात बदली झालेली असते. टेम्पोच्या मागोमाग येणाऱ्या गाडीत चार-सहा वर्षांची दोन मुले असतात. ज्या स्थलांतराने सर्वाधिक उलथापालथ त्यांच्या आयुष्यात व्हायची असते, त्याच्या निर्णयात त्यांचा विचार मात्र सर्वांत शेवटी झालेला असतो.

हे विधान अनेकांना बोचेल. ‘सारे मुलांसाठीच तर चालले आहे’ असे उत्तर तयारच असते. परंतु घर निवडण्याची प्रचलित रीत जरा तपासून पाहावी. रविवारी सकाळी बांधकाम स्थळाला भेट, सजवलेल्या नमुना सदनिकेत फेरफटका, गुळगुळीत माहितीपत्रकात तरणतलाव आणि क्लब हाऊस, आणि ‘हिंजवडीपासून अवघ्या दहा मिनिटांवर’ हे आश्वासन! ती दहा मिनिटे कोणत्या प्रहरी मोजली, हे कोणी विचारत नाही. चटईक्षेत्र किती, वाहनतळ एक की दोन, कर्जाचा हप्ता किती, पाच वर्षांनी भाव किती वाढेल, हे चार प्रश्न विचारून झाले की बयाणा दिला जातो. संध्याकाळी पाच वाजता घरातले मूल कोठे जाईल, कोणाबरोबर खेळेल, त्याला पडल्यावर कोण उचलेल, हा पाचवा प्रश्न विचारलाच जात नाही. वास्तविक तोच पहिला असायला हवा.

मुलाचे शहर त्याच्या पावलांएवढेच असते. पित्याचे पुणे तीस किलोमीटरचे असू शकेल. पाच वर्षांच्या मुलाचे पुणे अर्ध्या किलोमीटरपलीकडे जात नाही. शाळा, मैदान, वाण्याचे दुकान, देऊळ आणि दोन मित्रांची घरे एवढा त्याचा भूगोल. हा भूगोल पायी आक्रमता आला तर मूल वस्तीचे होते; नाही तर ते आयुष्याची पहिली दहा वर्षे गाडीच्या मागच्या आसनावर काढते. अमेरिकी नगररचनाकार क्लॅरेन्स पेरी याने १९२९ साली आदर्श वस्तीचा आराखडा मांडला, तेव्हा प्राथमिक शाळा मध्यभागी ठेवून सारी घरे तिच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर योजिली होती. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी बोर्डी आणि नंतर कोसबाड येथे याहून पुढचे पाऊल टाकले. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, हा त्यांचा विचार ‘अंगणवाडी’ या शब्दात आजही जिवंत आहे. शिक्षण हक्क कायदा २०१० साली लागू झाला, तेव्हा नियमांनीही पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असे म्हटले. म्हणजे नगररचना, बालशिक्षण आणि कायदा हे तिन्ही एकच गोष्ट सांगतात. ती ऐकू येत नाही ती फक्त घर घेणाऱ्याला!

आधी इमारत, मग पाणी

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली. बहुमजली संकुले त्याआधीच उभी राहिली होती. जलवाहिनी आणि सांडपाण्याची व्यवस्था मागाहून येणार होती. ती ‘मागाहून’ अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे लांबली. गावांचा समावेश होताच ग्रामपंचायती गेल्या, आणि मार्च २०२२ नंतर जवळजवळ चार वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या वस्त्यांना सर्वाधिक दाद मागायची होती, त्यांना ना सरपंच उरला, ना नगरसेवक मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावरील नांदेड, किरकटवाडी, धायरी या परिसरात ‘गुलेन बारे सिंड्रोम’ या मज्जातंतूंच्या विकाराचा उद्रेक झाला. संशयित रुग्णांची संख्या दोनशेवर गेली आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले. दारात टँकर आला की पाण्याची चिंता मिटली, अशा समजुतीत राहणाऱ्यांसाठी हा इशारा होता. दूषित पाण्याचा पहिला फटका बसतो तो लहान मुलांना. तरीही घर पाहायला गेलेले किती पालक विचारतात, की मे महिन्यात या नळाला पाणी कोठून येते?

दोन तास बसमध्ये

शाळेच्या बाबतीत तर विवेकाला पूर्ण रजाच दिली जाते. घराजवळच्या शाळा ‘साध्या’ म्हणून डावलायच्या आणि नावात ‘इंटरनॅशनल’ असलेली दूरची शाळा गाठण्यासाठी सहा वर्षांच्या मुलाला सकाळी सातच्या बसमध्ये चढवायचे. जाऊन-येऊन दोन तास गेले, तर वर्षाच्या दोनशे शालेय दिवसांत चारशे तास होतात. हे चारशे तास कोणाच्या खात्यातून वजा झाले? आजीच्या गोष्टीतून, मातीतल्या खेळातून, झोपेतून. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. लातूरहून आलेल्या मुलाने घर, गाव, मित्र हे सारे एका दिवसात गमावलेले असते. त्याच्यापाशी उरलेली एकच ओळखीची वस्तू म्हणजे त्याची भाषा. तीही पहिल्याच आठवड्यात काढून घ्यायची, याला दूरदृष्टी म्हणावे काय?

येथे आणखी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. सुशिक्षित वर्गाने महापालिकेच्या शाळेकडे पाठ फिरवली, तेव्हा त्या शाळेच्या वतीने जाब विचारणारा आवाजही तिने गमावला. मग ‘तेथे दर्जा नाही’ म्हणून नाके मुरडायला हीच मंडळी मोकळी!

भिंतीआडची सुरक्षितता

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते टाळून चालणार नाही. पहिला सुरक्षिततेचा. ‘बाहेर रहदारी आहे, अनोळखी माणसे आहेत, संकुलाच्या भिंतीआड मूल निर्धास्त खेळते.’ रहदारीची भीती खरी आहे, तिची थट्टा करू नये. मात्र भिंतीआडचे दृश्यही डोळे उघडून पाहावे. मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा ठेवण्याचा नियम आहे. पण मोकळी जागा आराखड्यात असणे वेगळे आणि तेथे मुलांना धावू देणे वेगळे. कित्येक संकुलांत हिरवळीवर पाटी असते, ‘येथे चेंडू खेळू नये’. पाच वर्षांखालील चालत्या-फिरत्या मुलांना दिवसातून तीन तास आणि त्याहून मोठ्यांना किमान एक तास शारीरिक हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा व्यायाम सुरक्षारक्षकाच्या शिट्टीखाली होणार नाही.

खरी सुरक्षितता मुलाला नावाने ओळखणाऱ्या माणसांत असते. जुन्या वाड्यांचे आणि चाळींचे गोडवे गाण्याचे कारण नाही. सामायिक शौचालय, एका खोलीत आठ माणसे आणि पाण्यासाठी पहाटेची रांग हे हाल ज्यांनी सोसले, त्यांना त्याचे कौतुक सांगणे हा उद्धटपणा ठरेल. मात्र त्या अपुऱ्या जागेत एक संपत्ती होती. मूल जिन्यावरून घसरले, तर त्याच्या आईच्या आधी समोरच्या काकू धावत. कॅमेरा पडलेल्या मुलाचे चित्रण करतो, त्याला उचलत नाही.

दुसरा आक्षेप पैशांचा. कोथरूड किंवा सदाशिव पेठेतले भाव मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर गेले आहेत, हे निर्विवाद. परंतु म्हणून निवडच उरली नाही, असे नव्हे. तेवढ्याच पैशांत लांबवर तीन खोल्या मिळत असतील, तर वसलेल्या वस्तीत दोन मिळतात. एक खोली कमी झाल्याने मूल खुरटत नाही. खेळगडी नसल्याने खुरटते. उपनगरांतही सारी ठिकाणे सारखी नसतात. जुन्या गावठाणाला लागून असलेली, शाळा-बाजार-दवाखाना पायी गाठता येणारी वस्ती एकीकडे आणि माळावर एकटे उभे असलेले वीस मजली संकुल दुसरीकडे, यांतला फरक किमतीत थोडा पण मुलाच्या आयुष्यात फार मोठा असतो. शिवाय शहरात पाऊल ठेवताच घर विकत घेण्याचा अट्टहास कशासाठी? बहुतेक ठिकाणी भाडे हे त्याच घराच्या कर्जहप्त्याहून बरेच कमी असते. एक वर्ष भाड्याने राहावे. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक शालेय वर्ष वस्तीची परीक्षा घ्यावी आणि मगच वीस वर्षांच्या कर्जावर सही करावी. प्रवास कोणीतरी करायचाच असेल, तर तो धडधाकट पित्याने करावा, सहा वर्षांच्या मुलाने नव्हे.

‘आपल्यातली माणसे’

घर शोधताना हलक्या आवाजात आणखी एक प्रश्न विचारला जातो, ‘तेथे आपल्यातली माणसे आहेत ना?’ हा ‘आपल्यातली’ शब्द जात, हुद्दा आणि पगार यांचा कुंपणतारेसारखा वापर करतो. व्यासपीठावर समरसतेची भाषणे ऐकायची आणि घर निवडताना पोटजातीपर्यंत चौकशी करायची, हा दुटप्पीपणा समाजाला पोखरणारा आहे. इस्त्रीवाल्याचा मुलगा, रिक्षाचालकाची मुलगी आणि अभियंत्याचा मुलगा एकाच मैदानावर डाव मांडतात, तेथे समाज घडतो. ज्या मुलाने दहा वर्षांत आपल्याच उत्पन्नगटातली माणसे पाहिली, त्याला पुढे कोणत्या राष्ट्राची सेवा करायला सांगणार? त्याने ते राष्ट्र पाहिलेलेच नसते.

ज्यांनी घरे घेतली आहेत आणि जी मुले आज त्या माळावरच्या संकुलांत वाढत आहेत, त्यांचे काय? त्यांच्यासाठीही मार्ग बंद झालेला नाही. वस्ती सापडत नसेल तर ती घडवावी लागते. गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तो भाडेकरूंच्याच चाळीत. आज संकुलाच्या फाटकाबाहेरच्या अंगणवाडीला एक पंखा देता येईल, शेजारच्या पालिका शाळेत शनिवारी वाचनवर्ग चालवता येईल, ‘चेंडू खेळू नये’ ही पाटी सभेत ठराव करून उतरवता येईल. नव्या नगरसेवकाकडे रस्त्याच्या रुंदीकरणाआधी पदपथ मागता येईल. या कामांना पैसा थोडा लागतो. भिंतीबाहेर पाऊल टाकण्याची इच्छा मात्र लागते.

बांधकाम व्यावसायिक सदनिका विकतो. त्याने शेजार विकण्याचे वचन कधीच दिलेले नसते. तो शोधणे आणि जोपासणे हे पालकांचे कर्तव्य आहे. तेव्हा येत्या रविवारी घर पाहायला निघणाऱ्यांनी नमुना सदनिका जरूर पाहावी; मात्र त्याआधी मुलाचे बोट धरून त्या परिसरात अर्धा तास पायी हिंडावे. जेथे मूल चालू शकत नाही, तेथे बयाणा देऊ नये.