गेमिंगचा मॉनिटर : आयपीएस की व्हीए?

बारावीची परीक्षा संपली, की कॉम्प्युटरच्या दुकानांतून बाप-लेकांच्या जोड्या दिसू लागतात. मुलाला गेमिंगचा मॉनिटर हवा असतो आणि वडिलांना तो ठरवलेल्या पैशांत बसवायचा असतो. दुकानदार दोन पडदे शेजारी शेजारी लावून दाखवतो. दोन्ही 27 इंची, दोन्हींच्या खोक्यांवर 165 हर्ट्झ लिहिलेले, किमतीतही जेमतेम चार-पाचशेंचा फरक. एकावर ‘आयपीएस’ ही अक्षरे, दुसऱ्यावर ‘व्हीए’. ‘कोणताही घ्या, साहेब, दोन्ही सारखेच,’ असे सांगून दुकानदार मोकळा होतो. ते सारखे नाहीत, आणि एकदा घेतलेला मॉनिटर घरात सहा-सात वर्षे तरी राहतो.

दोन्ही पडदे एलसीडीच आहेत. त्यातील द्रवस्फटिक स्वतः उजेड देत नाहीत. मागे एलईडीचा दिवा सतत जळत असतो आणि पुढचे स्फटिक, ध्रुवण करणाऱ्या दोन पापुद्र्यांच्या मदतीने, खिडकीच्या झडपांसारखा तो उजेड सोडतात किंवा अडवतात. फरक आहे तो या झडपा हलण्यात. आयपीएसमध्ये स्फटिक काचेला समांतर असतात आणि तसेच राहून वळतात. त्यामुळे समोरून पाहिले काय आणि बाजूने पाहिले काय, रंग फारसे बदलत नाहीत. व्हीएमध्ये विजेचा दाब नसताना स्फटिक काचेला काटकोनात उभे असतात व दाब मिळताच कलतात. उभे असताना ते उजेड जवळजवळ पुरता अडवतात. म्हणून व्हीएचा काळा रंग खरा काळा दिसतो, तर आयपीएसचा राखाडीकडे झुकतो. सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांचे प्रमाण, म्हणजे कॉन्ट्रास्ट, आयपीएसमध्ये साधारण 1000 ला 1 असते. व्हीएमध्ये 3000 ला 1 किंवा त्याहूनही अधिक.

मग व्हीएच घ्यावा, असे कोणालाही वाटेल. पण त्याच्या स्फटिकांना अगदी काळ्यातून गडद करड्या छटेत यायला वेळ लागतो. 165 हर्ट्झचा पडदा सेकंदाला 165 चित्रे दाखवतो, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 6 मिलिसेकंद येतात. स्वस्त व्हीए पडद्याला काही गडद छटा बदलायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. अंधाऱ्या बोळातून शत्रू धावत गेला, की त्याच्यामागे शाई फासल्यासारखा काळपट माग उमटतो. ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळणाऱ्या मुलाच्या दृष्टीने हे दुखणे मोठे आहे. खोक्यावरचा ‘1 एमएस’ हा आकडा पाहून निर्धास्त होऊ नये. पुष्कळदा तो मागचा दिवा वेगाने उघडझाप करून मिळवलेला असतो, आणि तशी सोय चालू केली की पडदा मंद होतो.

गंमत अशी, की दुकानात यातले काहीच कळत नाही. तिथे डोक्यावर दहा ट्यूबलाइट असतात, त्यामुळे व्हीएचा गडद काळा उठून दिसत नाही. आणि दाखवायला लावलेली फिल्म असते फुले, फुलपाखरे आणि संथ समुद्राची. त्यात मागही दिसत नाही. तेव्हा शक्य असेल तर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेले पान उघडायला सांगून ते भराभर वर-खाली सरकवावे. अक्षरांमागे जांभळट-काळी शेपटी दिसली, तर तोच हा दोष. आयपीएसची परीक्षा वेगळी. पडदा पूर्ण काळा करून, वरचे दिवे घटकाभर मालवायला लावून कोपऱ्यांकडे पाहावे. थोडी पांढुरकी झाक सगळ्याच आयपीएस पडद्यांत असते. एखादाच कोपरा ठळक उजळलेला असेल, तर मात्र दुसरा नग मागावा. दुकानदार कुरकुर करील, ती करू द्यावी.

खरा निर्णय मॉनिटर घरात कुठे राहणार यावर करावा. दोन खोल्यांच्या घरात तो बहुधा हॉलमध्येच येतो. दिवसा खिडकीचा उजेड, रात्री ट्यूबलाइट. संध्याकाळी मुलगा खेळतो, दुपारी त्याच पडद्यावर बहीण चित्रे रंगवते किंवा प्रोजेक्ट करते, रविवारी चौघे बाजूबाजूला बसून सिनेमा पाहतात. अशा घराने आयपीएसच घ्यावा. लख्ख उजेडात काळ्याचा गडदपणा तसाही वाया जातो, आणि कडेला बसलेल्याला व्हीएचे रंग फिकटलेले दिसतात. मुलाला स्वतंत्र खोली असेल, तो रात्री दिवा मालवून कथाप्रधान खेळ खेळत असेल, सिनेमे पाहत असेल आणि समोर एकटाच बसत असेल, तर व्हीए त्याला अधिक सुख देईल. वक्राकार पडदे बहुधा व्हीएचेच असतात, हेही ध्यानात ठेवावे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे वरचे दोन्ही दोष तिथे नाहीत. पण किंमत बरीच अधिक, आणि एकच चित्र तासन्‌तास राहिले तर त्याचा डाग कायमचा पडण्याची भीती.

पॅनेलच्या वादात इतर गोष्टी विसरू नयेत. 27 इंची पडद्यावर 1920 गुणिले 1080 ठिपके विरळ वाटतात, अक्षरांच्या कडा खरबरीत दिसतात. त्या आकाराला 2560 गुणिले 1440 बरे. अर्थात तेवढी चित्रे पुरवणारे ग्राफिक्स कार्ड घरच्या कॉम्प्युटरात हवे. ते जुने असेल, तर 24 इंची पडदा घेऊन उरलेले पैसे कार्डासाठी ठेवावेत. प्लेस्टेशन 5 साठीच मॉनिटर हवा असेल, तर तो 120 हर्ट्झच्या पुढे जात नाही. वरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. मेलेल्या ठिपक्यांबाबत कंपनीचा नियम काय आहे, हे बिल करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. एक-दोन ठिपक्यांसाठी बऱ्याच कंपन्या मॉनिटर बदलून देत नाहीत.

आणि घरी आणून जोडल्यावर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये जाऊन, सिस्टम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमाने, आकडा 165 आहे ना हे पाहावे. पुष्कळदा तो 60 वरच राहिलेला असतो. यादीत 165 दिसतच नसेल, तर आधी केबल तपासावी. जुन्या एचडीएमआय केबलऐवजी डिस्प्लेपोर्टची केबल लावली की बहुतेक वेळा काम होते.