चित्रकलेचा तास कोणासाठीं?

अमरावती रस्त्यानें वाडीस येणाऱ्याच्या दृष्टीस आधीं गोदामें व मालमोटारींच्या रांगा पडतात. शाळा मागाहून दिसतात. त्या शाळांतील तेराचौदा वर्षांच्या मुलास चित्र काढावयास सांगावें, म्हणजे तो दोन डोंगर काढतो, मध्यें सूर्य बसवितो, खालून नदी सोडतो व कांठीं एक झोपडी उभारतो. ज्या मालमोटारींची धूळ खात तो रोज शाळेस जातो, त्यांपैकीं एकही त्याच्या कागदावर येत नाहीं! दोष मुलाचा नव्हे. फळ्यावरील चित्र उतरवून घ्यावयास लावणाऱ्या पद्धतीचा आहे. वकिलींत आम्हांस असे साक्षीदार नित्य भेटतात. काय दिसलें तें ते सांगत नाहींत, काय दिसावयास हवें होतें तें सांगतात.

इंदुरास दत्तात्रेय दामोदर देवळालीकर यांनीं १९२७ सालीं चित्रकलेची शाळा काढली. नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन व विष्णु चिंचाळकर हे तिघेही त्यांच्या हाताखालीं शिकले. बेंद्रे पुढें बडोद्याच्या विद्यापीठांत अध्यापक झाले; हुसेनांचे घोडे जगभर गेले; चिंचाळकरांनीं वाळलेलीं पानें व काटक्या यांतून आकृति शोधल्या. तिघांचीं चित्रें शेजारीं मांडलीं तर हे गुरुबंधु असें कोणी म्हणणार नाहीं. शिक्षकाची पारख करावयाची ती येथें! नागपूरच्या चित्रशाळेंत शिकलेले सैयद हैदर रझा आपल्या 'बिंदू'चें श्रेय मंडला जिल्ह्यांतील शाळेच्या गुरुजींस देत. चंचल पोरास त्या गुरुजींनीं भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे पाहत बसविलें होतें. त्यास कुंचला लागला नाहीं, कीं रंगांची पेटी लागली नाहीं.

शासकीय रेखाकला परीक्षेंत स्थिरचित्र व स्मरणचित्र हे विषय आहेत. म्हणजे सरकारनेंही पाहण्याचीच परीक्षा मागितली आहे. परंतु श्रेणीमुळें दहावीस वाढीव गुण मिळतात, आणि गुण म्हटले कीं पाठांतर आलेंच. स्मरणचित्रांतील बाजारही तयार नमुन्यावरून घोटून घेतला जातो! २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें सहावी ते आठवीच्या ज्या शाळेंत शंभरांहून अधिक मुलें असतील तेथें कलाशिक्षणासाठीं अंशकालीन निदेशक सांगितला आहे. तो नेमला तरी त्याचा तास गणितास उसना देण्याची चाल मोडल्यावांचून उपयोग कोणता?

चित्रांनीं पोट भरतें काय, असें आमचे व्यापारी बंधु विचारतील. मूठभर कापूस उचलून धाग्याची लांबी सांगणारा मनुष्य पाहावयास शिकलेलाच असतो, हें त्यांस आम्हीं काय सांगावें? शिक्षकांस मात्र एक विनंति आहे. मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवूं नये. वांकडें काढलें तर पुनः वस्तूकडे पाहावयास सांगावें, व प्रदर्शनांत तें वांकडें चित्रही लावावें.

आणि गोदामवाल्यांस एवढेंच सांगणें, कीं आठवड्यांतून एक तास आठवी-नववीच्या मुलांस आवारांत बसूं द्यावें. मालाची चढउतार थांबविण्याचें कारण नाहीं. चित्र तिचेंच काढावयाचें आहे.