परिचर्या शिक्षण : तक्ता भरला, रुग्ण तपासला का?

बल्लारपूर : पावसाळ्यातील रात्र. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला मुलगा पहाटे पोट दुखते म्हणून उठतो आणि एक-दोन उलट्या करतो. अंगावर सूज नसते, चाव्याची खूणही सहज दिसत नाही. अशा वेळी उपकेंद्रात अथवा ग्रामीण रुग्णालयात जागी असते ती परिचारिका. तिने ताप, नाडी व रक्तदाब तक्त्यात नोंदवून सकाळपर्यंत थांबण्यास सांगितले, तर तिच्या नोंदीत कोणालाही चूक काढता येणार नाही. मात्र तिने मुलाला वर पाहण्यास सांगितले, पापण्या झुकल्या आहेत का हे पाहिले, उशीवरून मान उचलायला लावली आणि एका श्वासात तो कितीपर्यंत आकडे मोजू शकतो हे ऐकले, तर मण्यार चावल्याची शंका तिला तेथेच येऊ शकते. मण्यारचा दंश बहुधा झोपेत होतो, तो फारसा दुखत नाही आणि पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडतात. सर्पविषावरील लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या ठिकाणी रुग्ण किती लवकर पोहोचतो, यावर त्याचे प्राण अवलंबून असतात. वरील तपासणीला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. ती करण्याचे शिक्षण मात्र लागते.

हे शिक्षण चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत परिचर्येच्या विद्यार्थिनींना खरोखर मिळते का, हा प्रश्न केवळ अभ्यासक्रमाचा नाही. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४ हजार ४१२ चौरस किलोमीटर आहे आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १० लाख ७२ हजारांच्या आसपास. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि पर्लकोटेला पूर आला की संपर्क तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे छापून आल्या आहेत. चंद्रपूरला २०१५ मध्ये, तर गडचिरोलीला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. दोन्ही गोष्टी स्वागतार्हच आहेत. परंतु रुग्ण तेथपर्यंत न्यायचा की नाही आणि केव्हा न्यायचा, याचा पहिला निर्णय गावातील उपकेंद्रातच होतो. तो निर्णय बहुतेकदा परिचारिकेच्या डोळ्यांवर, कानांवर आणि बोटांवर सोपविलेला असतो.

कागदावर बदल झाला

भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम २०२१ मध्ये लागू केला. सत्र पद्धतीच्या या अभ्यासक्रमात दुसऱ्या सत्रातील परिचर्या मूलतत्त्वांच्या विषयाला आरोग्य मूल्यमापनाचा स्वतंत्र घटक जोडण्यात आला आहे. रुग्णाची माहिती विचारणे, पाहणे, चाचपणे, बोटांनी ठोकून आवाज घेणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे, असा त्याचा क्रम. पोटाची तपासणी करताना मात्र हा क्रम बदलतो. आधी पाहायचे, मग ऐकायचे आणि हात शेवटी लावायचा. कारण आधीच पोट दाबले तर आतड्यांचे आवाज बदलतात. अशा लहानसहान बाबींतूनच तपासणीची शिस्त तयार होते. आधी कौशल्य प्रयोगशाळेत पुतळ्यावर, नंतर वॉर्डात रुग्णावर, हा मार्गही अभ्यासक्रमाने आखून दिला आहे.

वास्तविक पूर्वी ही तपासणी डॉक्टरांचीच मानली जात असे. परिचारिकेने तापमान, नाडी, श्वास यांच्या नोंदी ठेवाव्यात आणि आदेशाची वाट पाहावी, ही रुग्णालयांची जुनी रीत. आता तिच्याकडून असलेली अपेक्षा बदलली आहे. आयुष्मान भारत योजनेत २०१८ पासून उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले आणि त्यासाठी परिचर्या पदवीधरांनाही दार उघडले. शासनाने काम वाढविले. त्या कामासाठी लागणारा हात तयार करण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर येऊन पडली.

गडचिरोलीने दिलेला दाखला

डॉक्टर नसलेल्या व्यक्तीने केलेल्या तपासणीचे मोल किती, याचा दाखला शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. बाळाचे वजन करणे, तापमान घेणे, श्वास मोजणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करणे, हे त्यांचे काम. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. पुढे २०११ मध्ये आशा कार्यकर्त्यांमार्फत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्यामागे हा अनुभव होता.

फारसे अक्षरज्ञान नसलेल्या दाईलाही श्वास मोजता यावेत म्हणून याच संस्थेने एक साधे उपकरण तयार केले होते. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० वा अधिक, वर्षाच्या आतील मुलाचे ५० वा अधिक आणि पाच वर्षांपर्यंत ४० वा अधिक असतील, तर न्यूमोनियाचा संशय घ्यावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष. त्यासाठी पूर्ण मिनिटभर मोजणे आवश्यक आहे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणले, तर तान्ह्या बाळाच्या अनियमित श्वासांत हिशेब चुकतो.

दुसरा दाखला याहून अधिक अस्वस्थ करणारा आहे. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांत एखादा तरी स्त्रीरोग आढळला. त्यापूर्वी अशी तपासणी व उपचार केवळ ८ टक्के स्त्रियांना मिळाले होते. रोग होते, पण कोणी तपासलेच नव्हते.

खाटा तेवढ्याच, विद्यार्थी अधिक

मग अडते कोठे? पहिली अडचण आकड्यांची. परिचर्या परिषदेच्या निकषानुसार एका विद्यार्थ्यामागे तीन खाटा असाव्या लागतात. ग्रामीण रुग्णालय साधारणतः ३० खाटांचे. म्हणजे अशा रुग्णालयात सर्व खाटा भरलेल्या असल्या, तरी एका वेळी दहाच विद्यार्थिनी नीट शिकू शकतात. त्यामुळे तालुक्याच्या गावी शिकणाऱ्या विद्यार्थिनींना जिल्ह्याच्या रुग्णालयाची वाट धरावी लागते आणि तेथे वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थीही त्याच रुग्णांभोवती उभे असतात. एकाच रुग्णाचे पोट सकाळपासून किती जणांनी चाचपावे, याला मर्यादा आहे. देशात २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी परिचर्या महाविद्यालये उघडण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२३ च्या अर्थसंकल्पात केली. जागा अर्थसंकल्पातून वाढविता येतात. शिकण्यासाठी लागणारे रुग्ण आणि शिकविणाऱ्या अनुभवी परिचारिका तितक्या सहज वाढत नाहीत.

दुसरी अडचण सवयीची. श्वासगतीच्या रकान्यात रुग्णामागून रुग्ण एकच आकडा उतरविला जाणे, हा जगभरच्या रुग्णालयांत वारंवार आढळलेला दोष आहे. विद्यार्थिनी वर्गात मिनिटभर मोजायला शिकते आणि वॉर्डात गेल्यावर ज्येष्ठांचे पाहून अंदाजाने लिहायलाही शिकते. एका पाळीत दोघींवर चाळीस रुग्णांची जबाबदारी आली, तर प्रत्येकाचे श्वास मिनिटभर मोजण्याचा आग्रह कितपत टिकेल, हाही प्रश्न आहेच. त्यामुळे दोष एकट्या विद्यार्थिनीच्या माथी मारून चालणार नाही.

तिसरी अडचण पाठ्यपुस्तकांची. फिकेपणा, कावीळ, ओठांचा निळसरपणा यांची जुनी चित्रे बव्हंशी गोऱ्या त्वचेवरची. सावळ्या वर्णाच्या रुग्णात रक्तक्षय ओळखायचा तर पापणीची आतली बाजू, जीभ आणि तळहात पाहावे लागतात. यंत्रावर भिस्त ठेवावी, तर तेही पूर्ण निर्दोष नाही. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर काळ्या वर्णाच्या रुग्णांत प्राणवायूची कमतरता अधिक वेळा हुकवितो, असे अमेरिकेतील २०२० च्या अभ्यासात दिसून आले.

आणि चौथी अडचण भाषेची. तपासणीची सुरुवात विचारपूस करण्यापासून होते. भामरागडच्या बाजूला माडिया, सिरोंचाकडे तेलुगू, चामोर्शी-मुलचेरा भागातील वसाहतींत बंगाली आणि रेल्वे, कोळसा व कागद कारखान्यामुळे वसलेल्या बल्लारपुरात तर मराठीबरोबर हिंदी आणि तेलुगू. ‘कधीपासून दुखते’ आणि ‘कुठे दुखते’ हे दोन प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारता येत नसतील, तर पुढची तपासणी अर्धीच राहते.

इथल्या रोगांचे धडे

या भागातील रुग्ण पुस्तकातल्या क्रमाने येत नाहीत. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४७ अंशांच्या पुढे गेल्याची नोंद आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि रुग्ण बरळू लागतो. काखेतील तापमापक आतली उष्णता कमी दाखवू शकतो. घाम येतो आहे म्हणून उष्माघात नाही, असेही मानता येत नाही. अशा वेळी रुग्णाचे भान तपासणे हे तापमापकाइतकेच महत्त्वाचे ठरते. कोळसा खाणीत राबलेल्या माणसाचा जुना खोकला क्षयाचा की धुळीचा, ही शंका घेण्यासाठी त्याला आधी ‘काम काय करता’ हे विचारावे लागते.

सिकलसेलचे उदाहरण तर अधिकच बोलके. या रोगाच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिचा भर रक्तचाचण्यांवर आहे. मात्र चाचणीनंतर ज्या बालकाला हा रोग असल्याचे कळते, त्याची पाणथरी एकाएकी वाढून काही तासांत जीव धोक्यात येऊ शकतो. जमैकात मातांनाच बाळाची पाणथरी हाताने चाचपण्यास शिकविले गेले आणि या कारणाने होणारे मृत्यू लक्षणीय घटले. माता जे शिकू शकते, ते परिचर्येच्या विद्यार्थिनीला पदवी घेईपर्यंत सवयीचे झालेच पाहिजे. किंबहुना मातांना शिकविण्याचे कामही पुढे तिच्याकडेच येणार आहे.

आक्षेप आणि उत्तर

परिचारिकेने तपासणी केली, तर ती निदान करू लागेल आणि जबाबदारीचा गोंधळ होईल, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार नाही. चुकीचा धीर देणे हे न तपासण्याइतकेच घातक असते. परंतु मूल्यमापन म्हणजे निदान नव्हे. ‘बाळाचे श्वास ६८, छाती आत ओढली जाते, दूध ओढत नाही’ एवढे दूरध्वनीवरून नेमके सांगता आले, तरी पलीकडचा डॉक्टर निर्णय घेऊ शकतो. ‘बाळ बरे दिसत नाही’ या वाक्यावर त्याला तो घेता येत नाही. गर्भवतीचा रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, तर पुढे काय करायचे याचे नियम ठरलेले आहेत. मात्र पट्टा दंडाच्या मापाचा नसेल किंवा तो नीट बांधला नसेल, तर आकडाच खोटा निघतो आणि सारे नियम वाया जातात.

उपाय फार खर्चाचेही नाहीत. परीक्षेत पाठांतराच्या तोंडी प्रश्नांपेक्षा टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष तपासणी करून दाखविण्याला अधिक गुण असावेत. आणि त्या टप्प्यांत मण्यारचा दंश, सिकलसेलचे बालक, उष्माघात आणि धाप लागलेले तान्हे मूल असावे. विद्यार्थिनीने नोंदविलेला प्रत्येक आकडा नव्हे, पण दिवसाला निदान दोन रुग्ण शिक्षिकेने स्वतः पुन्हा तपासून पाहावेत. वॉर्डाबरोबर उपकेंद्र आणि आठवडी बाजाराच्या दिवशीचा बाह्यरुग्ण विभाग हेही शिकण्याचे ठिकाण मानावे, म्हणजे खाटांचा प्रश्न काहीसा सैल होईल. माडिया व तेलुगूतील पंधरा-वीस नेमके प्रश्न पहिल्याच वर्षी शिकवावेत. तपासताना पडदा ओढणे, परवानगी घेणे आणि स्त्री रुग्णासोबत दुसरी स्त्री असणे, या गोष्टींनाही गुण असावेत. कारण १९८९ च्या अभ्यासातील स्त्रिया तपासणीपासून दूर राहिल्या होत्या, हे विसरता येणार नाही.

परिचर्या शिक्षणासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला. त्याने १९४७ च्या कायद्याची जागा घ्यावयाची आहे. नव्या व्यवस्थेत महाविद्यालयांची तपासणी होईल, तेव्हा इमारत, पुतळे आणि नोंदवह्या मोजल्या जातीलच. त्याबरोबर शेवटच्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला अनोळखी रुग्णापाशी नेऊन, ‘याला तपास आणि काय आढळले ते सांग’ एवढेच विचारले जावे. तिच्या उत्तरावरून महाविद्यालयाची प्रत कळेल. बल्लारपूर असो वा भामरागड, रात्री दोन वाजता आलेल्या रुग्णाला तेच उत्तर हवे असते.