कडधान्याच्या कणगीत मित्रकीटक हवेत

संपादक महोदय यांस,


गेल्या आठवड्याच्या अंकात घरगुती धान्यसाठवणीविषयी जो लेख प्रसिद्ध झाला आहे, त्यात तूर, हरभरा, चवळी यांना भुंगेरे लागू नयेत म्हणून पिंपात विषारी वायूची गोळी टाकावी असा जो सल्ला दिला आहे, तो वाचून वाटलेली चिंता आपल्यापाशी व्यक्त केल्यावाचून राहवत नाही.

ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या ३ ग्रॅमच्या गोळीतून ओलाव्याच्या स्पर्शाने १ ग्रॅम फॉस्फिन सुटतो, आणि हा वायू माणसाचाही प्राण घेणारा असल्यामुळे सरकारी वखारी व परवानाधारक धुरीकार यांच्याखेरीज इतरांस ती विकण्यास कायद्याने मनाई आहे. ज्या घरात कणगी आणि अंथरूण एकाच खोलीत असतात, तेथे तिचे नावही निघू नये.

परंतु माझी मुख्य तक्रार निराळी आहे, ती धान्यावर टाकायच्या विषारी भुकट्यांविषयी. भुंगेऱ्याची मादी दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवते. पुष्कळदा हे शेतात, पिकत्या शेंगेवरच घडून चुकलेले असते. पाच-सहा दिवसांनी अळी अंड्याच्या तळातून थेट दाण्यात शिरते आणि उष्ण दिवसांत सुमारे महिन्याभराने भुंगेरा होऊन, वाटोळे भोक पाडून बाहेर येते. या मधल्या काळात वरून टाकलेली कोणतीही भुकटी तिला शिवत नाही. शिवते ती दाण्यांवरून हिंडणाऱ्या तिच्या नैसर्गिक शत्रूला, आणि अशा रीतीने औषध चोराला सोडून पहारेकऱ्याचाच जीव घेते.

हा पहारेकरी कल्पनेतला नव्हे. पश्चिम आफ्रिकेतील नायजर, बुर्किना फासो आदी देशांत चवळीच्या साठ्यांतील या शत्रूंचा शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला आहे. डिनार्मस नावाची मुंगीएवढी परोपजीवी माशी दाण्याच्या सालीतून अंडनलिका खुपसते, आतील अळीला निपचित करते आणि तिच्या अंगावर आपले अंडे घालते. उस्काना तर एक मिलिमीटरहूनही लहान; ती भुंगेऱ्याच्या अंड्यातच आपले अंडे घालीत असल्यामुळे अळी जन्मतच नाही व दाणा अखंड राहतो, म्हणून बियाण्याच्या दृष्टीने मला तिचेच मोल अधिक वाटते. यूपेल्मस ही तिसरी माशी मात्र डिनार्मसच्याही अळ्या मारते, तेव्हा कोणती माशी पाळावी याची निवड जाणकारानेच केली पाहिजे.

खाण्याच्या जिनसात जाणूनबुजून किडे सोडावेत काय, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो मी क्षुल्लक मानीत नाही. तथापि या माश्या धान्य खात नाहीत, चाळणीतून सहज निघून जातात, आणि अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेच १९९२ साली साठवलेल्या धान्यातील अशा कीटकांना अवशेषमर्यादेच्या नियमातून सूट दिलेली आहे. शिवाय हा मार्ग आपल्याला अगदीच परका नाही. २००२ साली सांगली जिल्ह्यात उसावर पांढरा लोकरी मावा उतरला, तेव्हा डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांनीच शेतकऱ्याला मोठा हात दिला होता.

एरंडेल चोळणे, राख मिसळणे, ऊन देणे हे आजीच्या हातचे उपाय मी आजही करतो. परंतु ते पायलीभर वालांना पुरतात, क्विंटलभर तुरीला तेल चोळायला एवढे हात घरात असत नाहीत. एक मर्यादाही सांगितलीच पाहिजे: कीड माजल्यावर सोडलेल्या माश्या पोखरलेला दाणा परत देऊ शकत नाहीत, त्या धान्य कणगीत पडल्याबरोबरच सोडल्या पाहिजेत.

म्हणून कृषी विद्यापीठे आणि कृषी खाते यांना माझी विनंती आहे की, ऊस व कापूस यांच्यासाठी मित्रकीटकांचे ट्रायकोकार्ड तयार करणाऱ्या प्रयोगशाळांतच या माश्यांची पैदास करून पाहावी, प्रथम बियाण्याच्या कोठारांत त्यांची परीक्षा घ्यावी, आणि तुरीची रास खळ्यावरून घरी येण्यापूर्वी त्या शेतकऱ्याच्या हाती पडतील अशी तजवीज करावी.

आपला,
एक तूर-उत्पादक शेतकरी
जि. लातूर